मोरावरची सरस्वती, खडकावरचा अचल

मेहकरच्या शारंगधर बालाजीसमोर उभे राहिले की मान आपोआप वर जाते. काळ्या पाषाणातली ही विष्णुमूर्ती अकरा फुटांच्या आसपास उंच आहे. १८८८ साली ती मातीतून वर आली आणि पैनगंगेकाठच्या या गावाला आपला देव परत मिळाला. मेघंकर नावाच्या राक्षसाला शार्ङ्गधर विष्णूने इथे मारले, त्यावरून मेघंकर आणि पुढे मेहकर, अशी कथा गावात सांगतात. मूर्ती घडवणाऱ्याने देवाला किरीट दिला, कुंडले दिली, अंगभर दागिने कोरले. चेहरा मात्र कुणा माणसाचा वाटणार नाही असा ठेवला. त्या ओठांकडे पाहून कुणी म्हणणार नाही, की हा अमक्यासारखा दिसतो.

दर्शन घेऊन माणूस घरी येतो तेव्हा देव्हाऱ्यावर भलतीच मंडळी असतात. तसबिरीतली लक्ष्मी कमळावर उभी आहे, अंगावर काठापदराची साडी आहे, मागे तळे आहे आणि तळ्यामागे झाडी अशी, की जणू ताणून बांधलेला रंगीत पडदा. शेजारची सरस्वती खडकावर बसून वीणा छेडते आहे आणि बाजूला मोर. या बायांना चेहरा आहे, वय आहे, लाजही आहे. त्या कोणत्याही लेण्यातून उतरलेल्या नाहीत. त्यांचे माहेर नाटकाच्या विंगेत आहे.

देव, नाटक आणि छापील चित्र या तिघांचे हे लग्न फार आधी आणि अगदी उघडपणे लागले ते जपानात. तिथून मेहकरकडे परत यायला थोडा वळसा पडेल. पण ज्या देवावाचून ती गोष्ट सांगता येत नाही, तो मुळात इकडचाच आहे.

नारिता म्हटले की आज विमानतळ आठवतो. त्या गावाची जुनी ओळख म्हणजे शिन्शोजी हे इ. स. ९४० पासूनचे बौद्ध मंदिर. तिथला मुख्य देव फुदो म्योओ. जपानी भाषेत ‘फुदो’ म्हणजे न हलणारा, आणि संस्कृत ग्रंथांत त्याचे नाव अचल. हा शांत ध्यानस्थ बुद्ध नव्हे. अंग निळे-काळे, मागे ज्वाळा, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात पाश, एक सुळा वर तर दुसरा खाली. बसतो तो कमळाऐवजी बहुधा खडकावर. त्याच्यापुढे अग्नी पेटवून आहुत्या देतात आणि त्या विधीला जपानी लोक ‘गोमा’ म्हणतात. हा आपला ‘होम’च. चीनमार्गे तिथवर पोचेपर्यंत त्याची जीभ थोडी वळली, एवढेच.

सतराव्या शतकाच्या अखेरीस एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, इचिकावा दान्जुरो हा काबुकी या जपानी नाट्यप्रकारातला मोठा नट होता. त्याला मूल होईना. त्याच्या घराण्याची मुळे नारिताच्या परिसरातली, म्हणून त्याने अचलाला नवस केला. १६८८ साली मुलगा झाला. नवस फेडायचा तर नटाकडे रंगमंचाशिवाय दुसरे काय असणार? १६९७ साली तो मुलगा, अजून दहा वर्षांचाही धड नाही, नाटकात अचलाच्या रूपात उभा राहिला. प्रेक्षकांनी रंगमंचावर नाणी फेकली, असे सांगतात. नटाला बक्षीस म्हणून नव्हे, देवाला दक्षिणा म्हणून! १७०३ मध्ये नारिताची मूर्ती प्रथमच दर्शनासाठी एदोत आणली गेली आणि नेमक्या त्याच वेळी बापलेकांनी मिळून दोन अचल रंगवले, तांत्रिक बौद्धांच्या दोन मंडलांपैकी एक गर्भधातूचा तर दुसरा वज्रधातूचा. मंदिराला गर्दी मिळाली, नाटकघरालाही मिळाली. भक्ती आणि तिकीटविक्री यांचे इतके चोख वेळापत्रक आजच्या जाहिरातवाल्यांनाही सहज जमायचे नाही. पुढच्याच वर्षी या पहिल्या दान्जुरोचा (हे नाव घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालते) रंगमंचावरच एका सहनटाने खून केला. पण घराण्याचे ब्रीद ठरून गेले होते. दान्जुरो रंगमंचावर आला की आजही प्रेक्षक ‘नारिताया’ अशी आरोळी देतात, म्हणजे ‘नारितावाले!’

हे सगळे लाकडी ठशांवर उतरले. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून रेषा सोडून बाकीचे लाकूड काढून टाकी, छापणारा एकेका रंगाच्या वेगळ्या फळीवर कागद दाबी, आणि पैसा घाली तो प्रकाशक. १७६५ च्या सुमारास बहुरंगी छपाई स्थिरावली, तेव्हा नटांच्या चित्रांचा बाजार आणखी फुगला. कुनिसादा आणि कुनियोशी यांच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातल्या उस्तादांनी दान्जुरो घराण्यातले नट देवाच्या वेशात कितीदा तरी रंगवले. या चित्रांत एक गंमत असते. ज्वाळा अचलाच्या, तलवार अचलाची, खडकही अचलाचा. पण नाक मात्र दान्जुरोचे. सातव्या दान्जुरोचे मोठाले डोळे आणि ठसठशीत नाक एदोतले पोरदेखील ओळखे. चित्राच्या कोपऱ्यात नटाचे नाव, भूमिकेचे नाव, चित्रकाराची सही आणि प्रकाशकाची खूण, सगळे व्यवस्थित. गिऱ्हाईक देव घेत होते की नट, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही.

या घराण्याचे खास अस्त्र म्हणजे ‘निरामी’. हालचाल एकदम थिजवायची, एक बुबुळ नाकाकडे वळवायचे आणि प्रेक्षकांवर नजर रोखायची. ती अचलाची नजर. ती ज्याच्यावर पडेल त्याला वर्षभर सर्दीताप शिवत नाही, अशी समजूत. कागदावरच्या डोळ्यांनाही तीच रोखलेली नजर असल्यामुळे छापील चित्र घरी नेणे म्हणजे तो क्षण घरी नेण्यासारखेच होते.

१८५४ मध्ये आठव्या दान्जुरोने ओसाकात आत्महत्या केली. तो ऐन तिशीतला, देखणा, बायकांचा लाडका. बातमी पोचताच प्रकाशकांनी शंभराहून अधिक वेगवेगळी मृत्युचित्रे बाजारात ओतली. त्यांतल्या काहींत तो बुद्धासारखा आडवा पहुडला आहे आणि भोवती शिष्यांच्या जागी एदोतल्या बाया आक्रोश करताहेत. ही मांडणी मेहकरच्या, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला ओळखीची वाटावी. जिल्ह्याची सीमा ओलांडली की अजिंठा; तिथल्या २६ व्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीचा महापरिनिर्वाणातला बुद्ध पहुडला आहे आणि खाली शिष्य शोक करताहेत. जे पश्चिम भारतात पाचव्या शतकात दगडात कोरले गेले, तेच चित्ररूप हजारेक वर्षांहून अधिक काळानंतर एदोच्या रस्त्यावर एका नटाच्या नावाने, जवळजवळ थट्टेच्या सुरात, विकले गेले.

अचल एकटा गेला नव्हता. सरस्वती तिकडे बेन्झाइतेन झाली आणि तिच्या हाती वीणेच्या जागी बिवा हे तंतुवाद्य आले. इंद्र ताइशाकुतेन झाला, कुबेर बिशामोनतेन, महाकाल तर पोट सुटलेला, भाताच्या पोत्यांवर उभा राहणारा हसरा दाइकोकु. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या वऱ्हाडातल्या घरांत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी शेजारी शेजारी लागल्या आणि जुने देव उतरले. त्या घरातल्या माणसाला जपानी बौद्ध मंदिरात सरस्वती, इंद्र आणि गणपतीसुद्धा भेटावेत, हा इतिहासाचा खट्याळपणा म्हणायचा.

आता इकडे. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्याआधी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते. राजाला ते आवडले, पण त्यातला धांगडधिंगा खटकला, आणि त्यातून भाव्यांना काम मिळाले. खेळाचा क्रम ठरलेला असे. सूत्रधार मंगलाचरण म्हणे, विदूषक गंमत करी, मग गणपती येई आणि विघ्न न येण्याचा आशीर्वाद देऊन जाई. त्यामागून सरस्वती, मोरावर बसून. म्हणजे नटाच्या कमरेला लाकडी मोर बांधलेला आणि नट थुईथुई नाचतोय! पुढे देव, राक्षस आणि स्त्रिया. नटांचे गटही तसेच ओळखले जात: देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. राक्षसपार्टीने तोंड रंगवून ‘अललडुर्र’ करीत तलवारी परजत यायचे. पहिल्या दान्जुरोने ज्या दणदणीत शैलीने एदो हलवले, तिचे हे सख्खे नाही तरी चुलत भावंड शोभेल.

कोकणातल्या दशावतारात ही प्रथा अजून जिवंत आहे. आडदशावतारात आधी गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा शंखासुर येऊन लोकांना हसवतो. गणपतीचा मुखवटा चढला की कालपर्यंत शेतात राबणाऱ्या त्या माणसापुढे गावची म्हातारी हात जोडते. एदोतल्या नाणे फेकणाऱ्या प्रेक्षकाला ही म्हातारी लगेच समजली असती.

फरक पडला तो छपाईत. भाव्यांचा गणपती किंवा सरस्वती छापून विकावी असे कुणाच्या डोक्यात आले नाही. चित्रकथी होते, पैठणचे आणि पिंगुळीचे. पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या चित्रांच्या पोथ्या मांडीवर घेऊन रात्ररात्र कथा सांगणारे. पण त्यांची चित्रे हाताने काढलेली, एकेका घराण्याची, विकण्यासाठी नव्हेतच. रंगीत छापील देव बाजारात आला तो पुण्यात. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली. तिने शिळाछापाने नाना फडणीस काढला आणि रामपंचायतनही काढले. देवाची आणि देशाच्या इतिहासाची चित्रे एकाच दुकानात, एकाच भिंतीवर आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, त्याच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ संगीतात आणले आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’. भावड्या कोल्हटकर सुभद्रा होऊन गाऊ लागले. पुराणातली बाई कशी बसते, पदर कसा सावरते, विरहात हात कुठे ठेवते, हे महाराष्ट्राने आता डोळ्यांनी पाहिले होते. तेही एका पुरुषाच्या अंगावर.

राजा रविवर्मा इथे आला तो या वातावरणात. बडोद्याच्या सयाजीरावांनी त्याला पौराणिक चित्रांचे मोठे काम दिले ते १८८८ च्या सुमारास, म्हणजे मेहकरचा बालाजी मातीतून निघाला त्याच सुमारास. बालगंधर्वांचा जन्मही त्याच वर्षीचा, २६ जून १८८८. योगायोगच, पण लक्षात राहण्याजोगा. देवींना नेसवावे काय, हा रविवर्म्याचा खरा प्रश्न होता. त्यासाठी तो भावाला घेऊन देशभर हिंडला आणि शेवटी साडीवर येऊन थांबला. मुंबईत मुक्काम असला की दोघे भाऊ नाटकांना जात. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला आणि पहिले चित्र छापले ते शकुंतलेच्या जन्माचे: मेनका मूल पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवतो आहे. त्या चित्रासमोर उभे राहून पाहावे. विश्वामित्राचा हात तपस्व्याचा नाही, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसावा म्हणून उचललेला नटाचा हात आहे.

सरस्वतीचे तसेच. नदीकाठचा खडक, मांडीवर वीणा, उरलेल्या दोन हातांत पोथी आणि जपमाळ, बाजूला मोर. तिचे शास्त्रातले वाहन बहुतेक ठिकाणी हंस सांगितले आहे. महाराष्ट्राच्या मनात मात्र ती मोरावरचीच. रविवर्म्याने मोर नाटकातूनच उचलला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण भाव्यांच्या धर्तीचे खेळ पन्नास वर्षे गावोगाव पाहिलेल्या गिऱ्हाइकाला तो मोर अजिबात परका वाटला नाही, आणि तसबीर विकत घेताना तेवढे पुरते.

शिळाछापात एकेका रंगाला एकेक दगड लागे. चुनखडीचा तो गुळगुळीत दगड जर्मनीतून यायचा आणि त्यावर तेलकट शाईने उलटी आकृती उतरवायची. कागद प्रत्येक दगडावरून जाताना केसभर सरकला तरी लक्ष्मीचे ओठ गालावर जाणार. जपानी ठसेवाल्याची धास्ती आणि या कारागिरांची धास्ती एकच. मुंबईत जम बसेना, म्हणून छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. मळवली स्टेशनाच्या एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे. भाज्याच्या विहारात दाराशेजारी हत्तीवर स्वार झालेली भव्य आकृती कोरलेली आहे. अनेक अभ्यासक तिला इंद्र मानतात. तिथेच एक बाई नाचते आहे आणि दुसरी बसून वाजवते आहे. म्हणजे बौद्ध लेण्यातला इंद्र, त्याच्यापुढचे नाटक आणि देवांची चित्रे छापणारे यंत्र, सगळे पायी फिरण्याच्या अंतरात होते.

मेहकरला रेल्वे नव्हती, आजही नाही. खामगावची फाटा लाईन १८७० ची, पण तिथून पुढे बैलगाडी. शे-दीडशे माणसे, पडदे आणि पेट्या घेऊन फिरणाऱ्या नाटक कंपनीने अकोला-अमरावती गाठावी, घाटावरची आडगावे कशाला? गुंडाळी करून बगलेत मारता येणाऱ्या चित्राला मात्र असा अडसर नव्हता. अशा गावांत नाटक आधी चित्रातूनच पोचले असणार. ज्यांनी कंपनीचा पडदा कधी पाहिला नाही त्यांच्या भिंतीवर त्या पडद्यापुढची पोज लागली होती.

आणि लोकांनी त्या चित्रावर आपले नाटक चढवलेच. घरातल्या बायका तसबिरीतल्या लक्ष्मीच्या छापील साडीवर खरे कापड कापून चिकटवीत, कडेला जर, पदरावर टिकल्या, मुकुटावर चमकी. काचेआड चेहरा आणि हात तेवढे छापील उरत, बाकीची देवी कपडेपटातली. जुन्या वाड्यांतल्या अशा तसबिरी आता संग्रहालयांत जातात. जर काळी पडलेली असते, पण पदराच्या निऱ्या कुणी तरी इतक्या निगुतीने घातलेल्या असतात की ते काम नाटकातल्या कपडेवाल्याला लाजवील.

मात्र या तसबिरीखाली कुणाचे नाव? ‘लक्ष्मी’, ‘सरस्वती’, छापखान्याचा शिक्का, फार तर चित्रकाराची सही. ज्या बाईने समोर बसून चेहरा दिला तिचे नाही, ज्या नटाकडून हावभाव घेतला त्याचेही नाही. जपानी नट घराण्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आला. सध्याचा दान्जुरो तेरावा, २०२२ मध्ये त्याने ते नाव धारण केले. आपल्याकडे नाटक्या म्हणजे घर सोडून गेलेला माणूस आणि गाणारी बाई म्हणजे तर बोलायलाच नको. त्यांच्या नावाची सावली देवावर कोण पडू देणार? मेहकरातच बघा. कंचनीचा महाल म्हणून जुनी पडकी इमारत गावात उभी आहे. तिच्या माथ्यावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा पाहण्याची त्या बाईची हौस होती, असे सांगतात. इमारत राहिली, हौस राहिली, नाव राहिले नाही. कारण कंचनी हे नावच नव्हे. कंचनी म्हणजे नाचणारीण.

सरकारला मात्र वेषामागचा माणूस नेमका ओळखू येतो, इथेही आणि तिथेही. १८४२ मध्ये जपानी शासनाने चैनीविरुद्ध मोहीम काढली, नटांची चित्रे बंद केली आणि सातव्या दान्जुरोला एदोतून हद्दपार केले. चित्रकारांनी मग नावे गाळली आणि चेहरे ठेवले. खेळण्यांना, माशांना, भिंतीवर ओरखडलेल्या रेघोट्यांना नटांची नाके बसवली. इकडे १९०७ मध्ये खाडिलकरांनी ‘कीचकवध’ लिहिले. द्रौपदी, भीम, कीचक अशी सगळी पात्रे महाभारतातली. पण प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला, इंग्रजांनाही दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

चेहरा आणि देव यांची गाठ महाराष्ट्रात अखेर पडली ती सिनेमाच्या पडद्यावर. धुंडिराज फाळके तरुणपणी लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यात काम करून आले होते, पुढे स्वतःचा छापखाना काढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहायला जर्मनीला गेले. शिळाछापातला हा माणूस १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन आला आणि १९१७ मध्ये ‘लंकादहन’. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. राम दिसताच लोक पायताणे काढून हात जोडत, असे सांगतात.

दान्जुरोच्या सगळ्यात जवळ पोचले ते मात्र विष्णुपंत पागनीस. नाटकांतून स्त्रीभूमिका करून झालेला गायक नट. १९३६ मध्ये प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनी त्यांना ‘संत तुकाराम’मध्ये घेतले. पडद्यावरच्या त्या तुकोबाला न्यायला शेवटी विमानरूपी गरुड येतो. हाच गरुड जपानात करुरा झाला आहे आणि अचलाच्या पाठीमागच्या ज्वाळाही त्याच्याच मानतात. सिनेमा वर्षभराहून अधिक चालला, १९३७ मध्ये व्हेनिसला नावाजला गेला. पागनीस त्या भूमिकेतून बाहेर आलेच नाहीत. लोक त्यांच्या पाया पडू लागले. तुकोबांचे कुणी समोर बसवून काढलेले चित्र नव्हते, म्हणून कॅलेंडरवाल्यांनी आणि तसबीरवाल्यांनी पागनिसांचा चेहरा घेतला: कपाळावर बुक्का, डोक्याला पागोटे, हातात चिपळ्या आणि वीणा, डोळे अर्धे मिटलेले.

आज वऱ्हाडातल्या कुठल्याही तसबिरीच्या दुकानात हा चेहरा सापडतो. दुकानदार फडक्याने काच पुसतो, मागच्या खिळ्याला सुतळी बांधतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. खाली छापलेले असते: ‘जगद्‌गुरू संत तुकाराम महाराज’. कोपऱ्यात छापखान्याचे नाव. पागनिसांचे नाव कुठे नसते.